ऑफिसातला कागद ऑफिसातच का सापडत नाही, आणि सापडायला काय करावं लागतं

मोठ्या ऑफिसात काम करणाऱ्या कोणालाही विचारा की तुमच्या पोर्टलवरच्या सर्चमध्ये तुम्ही शेवटचं काय शोधलंत, बहुतेक जण सांगतील की आम्ही तिथे शोधतच नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, "कोणाकडे घरभाडे भत्त्याचा लेटेस्ट जीआर आहे का", आणि थोड्या वेळात कोणीतरी पीडीएफ टाकतं, काम होतं. पण ती पीडीएफ खरंच लेटेस्ट होती का, तिच्यानंतर शुद्धिपत्रक निघालं होतं का, हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही नसतं, आणि त्या कागदावर कोणाच्या तरी पगाराचा, पेन्शनचा नाहीतर टेंडरचा निर्णय होऊन जातो. म्हणून मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो. मी हेच काम करते, मोठ्या संस्थांच्या आत कागद सापडायला हवेत यासाठी, आणि लोक पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात की अहो, गूगलवर स्पेलिंग चुकलं तरी बरोबर पान येतं, मग आमचाच कागद आम्हाला का मिळत नाही?

तर आधी गूगलचं बघू. शब्द जुळवून पानं काढणं गूगलच्या आधीच्या सर्च इंजिनांनाही येत होतं. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना पेजरँकची कल्पना मांडली ती अशी की एखाद्या पानाकडे बाकीची किती पानं लिंक करतात, आणि लिंक करणारी पानं स्वतः किती वजनदार आहेत, त्यावरून त्या पानाचं महत्त्व ठरवायचं. म्हणजे जगभरच्या लोकांनी आपापल्या पानांवर लिंका देऊन नकळत मतदानच केलेलं होतं आणि गूगलने ते मोजलं. ऑफिसात हे मतदान होतच नाही, 'स्कॅन ००४७ फायनल नवीन' नावाच्या पीडीएफला कोण कशाला लिंक देईल. दुसरं म्हणजे वेबवर पान टाकणाऱ्याला ते सापडायला हवं असतं, तो त्यासाठी मथळे लिहितो, शब्द निवडतो, काही जण तर पैसे देऊन माणसं ठेवतात. ऑफिसात फाईल सेव्ह करणाऱ्याच्या डोक्यात एवढंच असतं की साहेबांना संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे. आणि तिसरा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो, तो म्हणजे वेबवर पुरणपोळीची कृती शोधली तर हजार पानांतलं कुठलंही चालतं, ऑफिसात बरोबर कागद एकच असतो, त्यातही त्याची शेवटची आवृत्ती.

गूगलने स्वतः हा प्रयत्न करून बघितलाय. २००२ मध्ये त्यांनी गूगल सर्च अप्लायन्स नावाची पिवळ्या रंगाची पेटी काढली, ती कंपन्यांच्या सर्व्हर रूममध्ये बसवायची आणि आतले कागद शोधायचे. २०१६ मध्ये ती बंद करायचं जाहीर झालं. पेटीत तंत्र गूगलचं असलं तरी ऑफिसाच्या आत वेबसारखं लिंकांचं जाळं ती कुठून आणणार?

आता सर्च आतून चालतो कसा ते समजून घेतलं की पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप लक्षात येतात. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते बघा, शब्द आणि त्याच्यासमोर पान क्रमांक, सर्च इंजिन नेमकी तीच बनवतं, फक्त प्रत्येक शब्दाची आणि प्रत्येक कागदाची. तुम्ही 'निवृत्तिवेतन' टाकता तेव्हा ते लाखभर कागद उघडून बघत नाही, सूचीत तो शब्द काढतं आणि समोरचे कागद उचलतं. मग त्यातला कुठला वर ठेवायचा? इथे एका बाईंचं नाव घ्यायलाच पाहिजे, केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स, त्यांनी १९७२ साली मांडलं की जो शब्द कमी कागदांत येतो तो जास्त वजनाचा. समजा तुमच्याकडे १ लाख कागद आहेत, 'परिपत्रक' हा शब्द त्यातल्या ६० हजारांत आहे आणि 'निवृत्तिवेतन' फक्त ४०० मध्ये. एकूण कागद भागिले तो शब्द असलेले कागद, आणि त्याचा १० पायाचा लॉगॅरिदम, असं वजन काढलं तर 'परिपत्रक'चं येतं ०.२२ आणि 'निवृत्तिवेतन'चं येतं २.४०, म्हणजे जवळपास अकरा पट. कोणी "निवृत्तिवेतन परिपत्रक" असं शोधलं तर कुठल्या शब्दाला धरून चालायचं ते यंत्राला कळतं, आणि त्यासाठी त्याला मराठीचा एक शब्दही समजावा लागत नाही. पुढे लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यात भर घातली, की एखादा शब्द कागदात दहा वेळा आला म्हणून दहापट गुण द्यायचे नाहीत, आणि दोनशे पानी वार्षिक अहवालात सगळेच शब्द कुठे ना कुठे येतात त्यामुळे लांब कागदाचे गुण थोडे कमी करायचे. त्या सूत्राचं नाव बीएम२५, आणि आजही लूसीन, सोलर, इलास्टिकसर्च या सर्च सॉफ्टवेअरांच्या पोटात मूळ सूत्र हेच चालतं. तुमच्या ऑफिसातला महागडा सर्चसुद्धा बहुधा यातल्याच एखाद्यावर उभा असतो, म्हणून सर्च चालत नाही म्हणून इंजिन बदलणं हा बहुतेक वेळा वाया गेलेला खर्च असतो असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण खरी गोष्ट ही आहे की यंत्र कागद बघत नाही, सूची बघतं, आणि जे सूचीत गेलंच नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. आणि आपल्याकडे सूचीत न गेलेलं भरपूर असतं.

पहिली गोष्ट स्कॅन. साहेबांची सही आणि शिक्का झाला की कागद स्कॅनरवर ठेवून पीडीएफ करायची सवय आहे, ती पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, त्यात एकही अक्षर नसतं. त्या फोटोतून अक्षरं काढायला ओसीआर लागतं. टेसरॅक्ट नावाचं फुकट मिळणारं ओसीआर आहे, एचपीने १९८० च्या दशकात सुरू केलेलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं, ते मराठीही वाचतं. पण ओसीआरच्या अचूकतेच्या टक्केवारीवर लगेच खूष होऊ नका. समजा प्रत्येक अक्षर बरोबर वाचायची शक्यता ९५ टक्के आहे, ऐकायला छान वाटतं, पण दहा अक्षरी शब्द अख्खा बरोबर यायचा तर ०.९५ दहा वेळा गुणायचा, उत्तर येतं ०.६०. म्हणजे शंभरातले चाळीस लांब शब्द चुकीचे सूचीत गेले, आणि मराठीत लांब शब्दच महत्त्वाचे असतात, 'अनुकंपातत्त्वावरील', 'सेवाज्येष्ठता', 'भविष्यनिर्वाहनिधी'. त्यात गोल शिक्का नेमका तारखेवर मारलेला असतो. म्हणून स्कॅन ३०० डीपीआयला, सरळ, आणि शक्य असेल तर मूळ टाइप केलेली फाईलच स्कॅनच्या सोबत चढवायची, सही केलेली प्रत पुराव्याला आणि मूळ फाईल शोधायला, एवढा एक नियम लावला तरी फरक पडतो.

कागद सूचीत नसले की काय होतं हे महाराष्ट्राने २०२३ मध्ये बघितलंय. कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी रजिस्टरं रेकॉर्ड रूममधून बाहेर काढून पान पान चाळावं लागलं, मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. नोंद तिथेच होती, वर्षानुवर्षं होती, पण डोळ्यांनी वाचल्याशिवाय ती आहे हे सांगता येत नव्हतं.

दुसरी गोष्ट फक्त आपल्या भाषांची, आणि बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना ती माहीतच नसते, ती म्हणजे जुने फॉन्ट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधी आपण सगळ्यांनी कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असल्या फॉन्टमध्ये टायपिंग केलं, अजूनही कित्येक ऑफिसांत करतात. त्यात स्क्रीनवर दिसतं मराठी पण फाईलच्या आत इंग्रजी अक्षरं असतात. कृतिदेवमध्ये 'म' दिसतो तिथे आत इंग्रजी 'ई' असतो, 'ह'च्या जागी 'जी', काना म्हणजे 'के', 'र' म्हणजे 'जे'. आता तुम्ही सर्चमध्ये युनिकोडात 'महाराष्ट्र' टाकलं तर सूचीत तसा शब्दच नाही, तिथे 'ईजीकेजेके' असली काहीतरी रांग आहे, मग निकाल शून्य येतो आणि तुम्हाला वाटतं कागदच नाही. हे कन्व्हर्टरने युनिकोडात बदलता येतं, पण नुसती अक्षराला अक्षर बदली करून भागत नाही, कारण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडात ती व्यंजनाच्या नंतर येते, रफाराचं उलटं, 'अर्ज'मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये 'ज'च्या नंतर आणि युनिकोडात 'ज'च्या आधी. कन्व्हर्टर हे नीट करत असेल तरच घ्यावा, आणि तपासायला 'निर्णय' आणि 'कार्यालयीन' असे दोन-चार शब्द पुरतात. फाईल कुठल्या फॉन्टमध्ये आहे हे मात्र आधी ओळखावं लागतं, कारण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, श्रीलिपीचा कागद कृतिदेवच्या कन्व्हर्टरमधून काढला तर जे बाहेर येतं ते कोणत्याच भाषेत नसतं.

बरं सगळं युनिकोडात आलं म्हणून सुटलो असंही नाहीये. 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या, कृषी खात्याच्या जवळजवळ प्रत्येक कागदावर असतो. त्यातलं 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतं, एक म्हणजे 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून, दुसरं म्हणजे साधा 'र', हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. छापून दोन्ही काढा, काही फरक दिसणार नाही, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द, एकाने शोधलं तर दुसऱ्याचे कागद येत नाहीत. 'ॲडव्हान्स'मधला 'ॲ' तसाच, एक अख्खं अक्षर आणि एक 'अ'वर चंद्र लावून केलेलं. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे हा तर रोजचा घोळ, जीआरवर तारीख मराठी आकड्यांत आणि शोधणारा मोबाइलवर इंग्रजी आकडे टाकतो. यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे, सूचीत घालताना आणि शोधताना दोन्ही वेळेला सगळं एकाच रूपात आणायचं. काही तासांचं काम, पण कोणीतरी ते सांगायला हवं.

मग विभक्ती. इंग्रजीत शब्दाचं शेपूट लहान असतं, मराठीत 'शाळा'चं शाळेत, शाळेला, शाळांमध्ये, शाळेसाठी, शाळांमधल्या, सगळं होतं आणि लोकांना 'शाळा' टाकल्यावर हे सगळं यायला हवं असतं. त्यासाठी शेपूट छाटून मूळ काढणारं तंत्र वापरतात. इलास्टिकसर्चसोबत हिंदी आणि बंगालीसाठी तयार संच येतात, मराठीचा येत नाही, त्यामुळे कोणी हिंदीचा लावून मोकळं होतं आणि मग 'च्या', 'मध्ये', 'साठी' तसेच राहतात. पण छाटणी जास्त झाली तरी वाईट. 'मालमत्ता कर' शोधायचाय म्हणून 'कराचा', 'करात', 'करावर' हे सगळं 'कर'वर आणलं, ठीक, पण त्याच नियमाने 'करा'सुद्धा 'कर' झालं तर "अहवाल तात्काळ सादर करा" असं लिहिलेलं प्रत्येक पत्र कराच्या निकालात येऊन बसणार. म्हणून मी नेहमी म्हणते की छाटणीचे नियम थोडेच ठेवा आणि तुमच्या ऑफिसात खरंच वापरल्या जाणाऱ्या शब्दांवर एकेक करून तपासून घ्या.

इथपर्यंत सगळं यंत्राचं झालं. आता माणसांचं, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे.

कागद लिहिणारा आणि कागद शोधणारा वेगळे शब्द वापरतात. जीआर लिहिणारा लिहितो 'वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती', शोधणारा टाकतो 'मेडिकल बिल'. तो लिहितो 'अर्जित रजा', हा टाकतो 'ईएल'. तो 'गोपनीय अहवाल', हा 'सीआर'. आणि निवृत्तिवेतनाला कोणी 'पेन्शन' म्हणतं, कोणी 'पेंशन', कोणी 'निवृत्तीवेतन' दीर्घ वेलांटीने. १९८७ मध्ये जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे मोजून बघितलं होतं, की एकाच गोष्टीला दोन माणसं आपापल्या मनाने नाव देतात तेव्हा ते नाव एकच निघण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. एका भाषेत ही स्थिती, आपल्याकडे तर सरकारी मराठी, बोलीतली मराठी आणि मराठीत मुरलेलं इंग्रजी अशा तीन थरांत काम चालतं.

याच्याही दोन वर्षं आधीचा एक अभ्यास आहे, तो या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी एका मोठ्या कॉर्पोरेट दाव्याच्या कागदांवर तो केला, जवळपास ४० हजार कागद, साडेतीन लाखांच्या आसपास पानं, सगळी शब्दन् शब्द सर्चमध्ये घातलेली. वकिलांना वाटत होतं की आपल्याला लागणाऱ्या कागदांपैकी निदान ७५ टक्के तरी सापडतायत. मोजल्यावर निघाले सरासरी २० टक्के. का, तर दाव्याच्या मुळाशी एक अपघात होता, आणि त्यात ज्यांचे हात अडकलेले ते लोक आपल्या पत्रांत त्याला 'अपघात' म्हणतच नव्हते, ते लिहायचे 'घटना', 'परिस्थिती', 'अडचण'. वकील 'अपघात' शोधत राहिले आणि जे आलं त्यावर समाधानी राहिले. हे मला भयंकर वाटतं, कारण चुकीचा कागद आला तर तो दिसतो, पण न आलेला कागद दिसत नाही, त्यामुळे कोणी तक्रारही करत नाही आणि सर्च बरा चाललाय असं सगळ्यांना वाटत राहतं. माहिती अधिकाराच्या अर्जावर "सदर माहिती या कार्यालयात आढळून येत नाही" असं उत्तर जातं तेव्हा दर वेळी कोणी लपवतच असतं असं नाही, कित्येकदा प्रामाणिकपणे शोधलेलं असतं, फक्त चुकीच्या शब्दाने. आणि २००५ च्या त्या कायद्याचं कलम ४ स्पष्ट सांगतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकित ठेवायचे, म्हणजे कागद सापडण्याजोगा ठेवणं हे कायद्याने घालून दिलेलं काम आहे, सवड मिळाली तर करू असं नाही.

हे शब्दांचं अंतर भरून काढायला लागणारी माहिती ऑफिसात आधीच पडून असते, सर्चच्या लॉगमध्ये. कोणी काय टाकलं आणि त्याला काय मिळालं याची नोंद प्रत्येक इंजिन ठेवू शकतं. ती वाचायला घेतली की एकाच माणसाचे एकापाठोपाठ टाकलेले शब्द दिसतात: 'मेडिकल बिल', मग 'मेडिकल बिल जीआर', मग 'वैद्यकीय बिल', मग 'वैद्यकीय प्रतिपूर्ती', आणि इथे त्याने एक पीडीएफ उघडली. या चार ओळींमध्ये तुम्हाला समानार्थी शब्दांची एक अख्खी नोंद तयार मिळाली, 'मेडिकल बिल' म्हणजे 'वैद्यकीय प्रतिपूर्ती', ती कोशात टाका, पुढच्या माणसाला पहिल्याच झटक्यात मिळेल. आणि जिथे तो माणूस तिसऱ्या शब्दालाच कंटाळून निघून गेलाय ती ओळ तर जास्तच मोलाची. शून्य निकाल आलेल्या शब्दांची यादी महिन्यातून एकदा काढायची आणि अर्धा दिवस बसून वाचायची, मला याच्याइतका फळ देणारा दुसरा उपाय माहीत नाही. पण बहुतेक ठिकाणी लॉग चालू असतो आणि तो बघणं हे कोणाचंच काम नसतं. आयटीवाल्यांना वाटतं मजकूर आमचा विषय नाही, आस्थापना टेबलाला वाटतं कॉम्प्युटर आमचा विषय नाही.

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या जुन्या माणसांसोबत बसण्याचाही असाच उपयोग होतो. तुम्ही त्यांना कागद मागा, ते लगेच शोधायला जात नाहीत, उलटे विचारतात, "कोणत्या वर्षाचं? कोणत्या टेबलचं? प्रस्ताव की आदेश?" हे तीन प्रश्न म्हणजेच सर्चच्या बाजूला द्यायच्या निवडी, वर्ष, विभाग, प्रकार. प्रत्येक कागदाला या तीन गोष्टी लावल्या तरी निम्मं काम सोपं होतं, आणि याच्यापेक्षा जास्त रकाने भरायला लावू नका, वीस रकान्यांचा फॉर्म दिला की लोक सगळीकडे 'इतर' निवडतात.

आता जुन्या आणि नव्याचा प्रश्न. कागदाच्या जमान्यात आपल्याकडे याची शिस्त होती, सहा गठ्ठा पद्धत (टेबलावरची प्रकरणं सहा गठ्ठ्यांत लावून ठेवायची), अभिलेखांचं अ, ब, क, ड वर्गीकरण, अ कायम ठेवायचा, ब ३० वर्षं, ड एका वर्षानंतर नष्ट करायचा. शेअर्ड ड्राइव्हवर हे कोणी लावलंच नाही, जागा स्वस्त आहे म्हणून सगळं ठेवत गेलो, आणि मसुदा, दुरुस्त मसुदा, अंतिम, अंतिम दुरुस्त हे सगळे शब्दाने इतके सारखे असतात की बीएम२५ ला त्यांच्यात फरक करायला काही आधारच नाही. हुबेहूब सारख्या प्रती यंत्राने ओळखून एकाखाली एक लावता येतात, ते करावंच. पण अंमल कशाचा आहे हे शब्द मोजून कळत नाही.

आणि इथे मला शासन निर्णयांच्या रचनेबद्दल फार आदर वाटतो. वर मी म्हटलं की ऑफिसात लिंका नसतात, पण जीआर उघडून बघा, सुरुवातीलाच 'वाचा' म्हणून यादी असते, अमुक विभागाचा शासन निर्णय, क्रमांक अमुक, दिनांक अमुक. त्या लिंकाच आहेत! आणि आत कुठेतरी "या शासन निर्णयान्वये दि. अमुकचा शासन निर्णय अधिक्रमित करण्यात येत आहे" असं वाक्य असतं, शेवटी संकेतस्थळावरचा तारखेने सुरू होणारा संकेतांक असतो. विभाग, क्रमांक आणि दिनांक हे ठराविक साच्यात येतात त्यामुळे प्रोग्रामने ते वेचून काढता येतात, आणि कोणत्या निर्णयाने कोणता रद्द केला, कोणाला शुद्धिपत्रक निघालं, अशी साखळी बांधता येते. फक्त इथे पेजरँकसारखं मतदान मोजायचं नाही, कारण सगळ्यात जास्त संदर्भ दिलेला निर्णय बरेचदा सगळ्यात जुना असतो, कदाचित रद्दही झालेला. लिंक लोकप्रियतेसाठी न वापरता वंशावळीसाठी वापरायची. शोधणाऱ्याला जुना निर्णय मिळाला तरी हरकत नाही, पण त्याच्यावर ठळक दिसलं पाहिजे की हा अधिक्रमित आहे, नवा इथे आहे. कंपन्यांच्या एसओपीमध्ये, बँकांच्या परिपत्रकांत सुद्धा 'संदर्भ' असतातच, तिथेही हेच करता येतं.

परवानग्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण नियम सोपा आहे आणि तरी मोडला जातो. ज्याला जो कागद उघडायचा अधिकार नाही त्याला तो निकालात दिसताच कामा नये, शीर्षकसुद्धा नाही. 'विभागीय चौकशी' आणि पुढे एखाद्याचं नाव, एवढं शीर्षक दिसलं तरी जे व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. नवा सर्च लावला की पहिल्या आठवड्यात पगाराच्या शीट बाहेर येतात, त्यात सर्चचा दोष नसतो, त्या फाईली वर्षानुवर्षं सगळ्यांना उघड्याच होत्या, कोणाला माहीत नव्हत्या एवढंच. म्हणून आधी परवानग्या तपासायच्या आणि मग सूची बनवायची.

आणि एआय. आजकाल प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य हेच असतं की एआय लावू, सगळं सुटेल. २०१८ मध्ये गूगलने बर्ट नावाचं मॉडेल आणलं, अशा मॉडेलांनी वाक्याचा अर्थ आकड्यांच्या लांब यादीत मांडता येतो, बर्टच्या मूळ आवृत्तीत ७६८ आकडे, आणि अर्थाने जवळची वाक्यं आकड्यांनीही जवळ येतात. 'आजारपणाची सुट्टी' टाकलं तर 'वैद्यकीय रजा'चा कागद येतो, एकही शब्द सारखा नसताना, हे खरंच उपयोगाचं आहे, शब्दांचं अंतर यातून बरंच भरतं. पण यात एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, "भत्ता अनुज्ञेय आहे" आणि "भत्ता अनुज्ञेय नाही" ही वाक्यं या आकड्यांत एकमेकांच्या अगदी शेजारी बसू शकतात. नियम क्रमांक १२ आणि २१ तसेच. म्हणून दोन्ही सर्च सोबत चालवायचे, शब्दांचा आणि अर्थाचा, आणि दोन याद्या एकत्र करायच्या. त्यासाठी २००९ मध्ये मांडलेली एक सोपी रीत आहे, प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवायचे, १ ला त्याने भागायचं आणि बेरीज करायची. एक कागद एका यादीत पहिला आणि दुसरीत दहावा असेल तर बेरीज येते ०.०३०७, दुसरा दोन्हीकडे तिसरा असेल तर ०.०३१७, म्हणजे दोन्हीकडे बरा असलेला वर जातो. आणि यंत्र स्वतः वाक्यं लिहून उत्तर देणार असेल तर त्या उत्तराखाली कागदाचा क्रमांक, दिनांक आणि नेमकं पान उघडणारी लिंक असायलाच हवी, नाहीतर ते वापरू नये असं मी ठामपणे सांगते, कारण चुकीच्या सूचीवर बसवलेलं एआय चुकीचं उत्तर छान भाषेत देतं.

सर्च सुधारला की नाही हे ठरवायचं कसं, तर मोजून. ब्रिटनमधल्या क्रॅनफील्डला सिरिल क्लेव्हर्डन यांनी १९६० च्या दशकातच रीत घालून दिली, १४०० कागद, २२५ प्रश्न, आणि कुठल्या प्रश्नाला कुठले कागद बरोबर हे माणसांकडून आधीच ठरवून घेतलेलं. आपल्याला एवढंही नको. लॉगमधून खरे पन्नास प्रश्न घ्या, लोकांनी टाकले तसेच, चुकांसकट, आणि प्रत्येकाचा बरोबर कागद त्या टेबलावरच्या जाणत्या माणसाकडून लिहून घ्या. किती प्रश्नांत तो कागद पहिल्या पाचात आला, तो आकडा तुमचा. काहीही बदललं की पुन्हा तेच पन्नास चालवा. एक नियम बदलल्याने 'रजा' सुधारते आणि 'कर' बिघडतो हे असं मोजल्याशिवाय कळतच नाही.

आणि नवा सर्च विकत घ्यायची चर्चा तुमच्याकडे चालू असेल तर डेमोला त्यांचे स्वच्छ इंग्रजी कागद चालवू देऊ नका. तुमचे तिरके स्कॅन द्या, कृतिदेवमधली एक फाईल द्या, अधिक्रमित झालेला एक निर्णय आणि त्याचा नवा असे दोन्ही द्या, आस्थापनेशिवाय कोणी बघू नये अशी एक फाईल द्या, आणि हे पन्नास प्रश्न त्यांच्यासमोर तुमच्याच क्लार्कला टाइप करू द्या.